रिळासोबतचा कागद

१९१६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या चित्रगृहांत ‘द बॅटल ऑफ द सोम’ हा मूकपट लागला. पहिल्या सहा आठवड्यांत त्याची सुमारे दोन कोटी तिकिटे विकली गेली. तेव्हाच्या ब्रिटनच्या लोकसंख्येच्या जवळजवळ निम्मा हा आकडा. फ्रान्समध्ये ती लढाई अजून चालूच होती आणि प्रेक्षकांतले कित्येक जण पडद्यावरच्या गर्दीत आपला मुलगा, भाऊ, नवरा दिसतो का ते शोधत होते. या चित्रपटातले एक दृश्य लोकांच्या मनात कायमचे रुतले. सैनिक खंदकाची कड चढून हल्ल्याला निघतात, त्यांतला एक जण चढता चढता मागे घसरतो आणि तसाच पडून राहतो. शंभर वर्षे उलटून गेली तरी पहिल्या महायुद्धावरच्या माहितीपटात हे दृश्य हटकून येते. ते खरे नाही. आघाडीच्या मागे, उखळी तोफांच्या एका प्रशिक्षणशाळेत ते मांडून घेतलेले आहे. सैनिकांच्या पाठीवर हल्ल्याच्या वेळी असायचे तेवढे सामान नाही, आणि पुढच्या दृश्यात कॅमेरा अशा उघड्या जागी आहे की खऱ्या गोळीबारात तिथे उभा राहिलेला माणूस वाचलाच नसता.

पण याच चित्रपटात १ जुलै १९१६ च्या सकाळी जेफ्री मॅलिन्स या कॅमेरामनने टिपलेला हॉथॉर्न रिजवरचा सुरुंगाचा स्फोट आहे. हल्ल्याच्या दहा मिनिटे आधी, सात वाजून वीस मिनिटांनी, टेकडीची माती आकाशात उसळते. हे अस्सल आहे. बोमाँ-हामेल गावाजवळच्या खोलगट वाटेत लँकेशायर फ्युझिलियर्सचे जवान हुकमाची वाट पाहत बसले आहेत, काही थेट कॅमेऱ्याकडे पाहताहेत. हेही अस्सल. त्यांतल्या अनेकांना पुढे काही तासही मिळाले नाहीत. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७,४७० जवान जायबंदी, बेपत्ता किंवा ठार झाले; ठार झालेले १९,२४०. सव्वा तासाच्या या चित्रपटात निःसंशय मांडलेला भाग फार थोडा आहे. अडचण ही की खरे आणि मांडलेले यांतला फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही. उलट जे मांडलेले आहे तेच जास्त ‘युद्धासारखे’ दिसते, कारण ते प्रेक्षकाच्या कल्पनेबरहुकूम रचलेले आहे. खऱ्या लढाईत कॅमेऱ्याला दिसतो तो दूरचा धूर आणि रिकामे माळ.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. युद्धाची चित्रफीत स्वतःबद्दल पुरेसे बोलत नाही. ती कोणी घेतली, कुठे, कोणत्या दिवशी, कोणाच्या हुकमाने, आणि नंतर तिच्यावर कोणाची कात्री चालली, ही नोंद सोबत असेल तरच ती पुराव्याच्या योग्यतेची होते. ती नोंद गळाली की उरते नुसती परिणामकारक हालचाल. ती कोणत्याही निवेदनामागे जोडता येते आणि कोणाच्याही बाजूने वापरता येते. दोन महायुद्धांच्या चित्रफितींचे आज हेच झाले आहे. दूरचित्रवाणीवर आणि इंटरनेटवर त्या रात्रंदिवस फिरत असतात. १९१६ ची दृश्ये १९१४ म्हणून खपतात, सरावाची दृश्ये लढाई म्हणून, एका देशाचे निर्वासित दुसऱ्या देशाचे म्हणून. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही, ‘पार्श्वभूमीची दृश्ये’ म्हणतात. ज्या माणसांचे शेवटचे दिवस त्या फितीत आहेत, त्यांच्याशी हे वागणे मला अन्यायाचे वाटते. इतिहासाचेही त्यात मोठे नुकसान आहे.

हा काही आजच्या अभ्यासकांनी काढलेला बारकावा नव्हे. फिती घेणाऱ्यांना त्याची जाण होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या चित्रण-तुकडीतले कॅमेरामन रिळासोबत एक कागद भरून पाठवत. डोप शीट म्हणत त्याला. तारीख, ठिकाण, पलटण, कोणत्या दृश्यात काय आहे, शक्य तिथे माणसांची नावे. हे कागद आजही लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये रिळांसोबत जपलेले आहेत. न्यायालयात तर या कागदावाचून चाललेच नसते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकन वकिलांनी नाझी छावण्यांवरची सुमारे तासाभराची फिल्म दाखवली. तिची सुरुवात प्रेतांनी होत नाही, शपथपत्रांनी होते. चित्रणाची जबाबदारी असलेले दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स आणि सर्व चित्रण तपासणारे नौदल अधिकारी ई. रे केलॉग यांनी शपथेवर सांगितले की ही दृश्ये आहेत तशी आहेत, त्यांत फेरफार नाही. सुमारे ८०,००० फूट चित्रणातून ६,००० फूट निवडले आहे. समोर इतकी भीषण दृश्ये असताना आधी कागद वाचून दाखवायची गरज त्यांना वाटली, कारण आरोपीचा पहिला बचाव काय असणार हे वकिलांना ठाऊक होते.

बर्गन-बेल्सनच्या चित्रणात तर हा विचार कॅमेऱ्याच्या हालचालीतच उतरला आहे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य त्या छावणीत शिरले तेव्हा तिथे सुमारे ६०,००० माणसे कशीबशी जिवंत होती आणि हजारो प्रेते उघड्यावर पडली होती. त्या चित्रणावरून एक मोठा माहितीपट करण्याचे काम सिडनी बर्नस्टाइन यांनी हाती घेतले आणि सल्ल्यासाठी आल्फ्रेड हिचकॉक यांना बोलावले. भीतीचे सगळे तंत्र ज्याच्या हातात होते, त्या दिग्दर्शकाचा सल्ला काय होता? दृश्ये लांब ठेवा, मध्ये कापू नका. आसपासच्या गावांतून आणलेले जर्मन नागरिक आणि प्रेतांचे खड्डे एकाच सलग दृश्यात येऊ द्या, म्हणजे हे दोन वेगळ्या जागी घेऊन जोडले असे कोणी म्हणू शकणार नाही. संकलनाच्या जादूवर हयात घालवलेला माणूस इथे संकलन बाजूला ठेवायला सांगतो, याचे मोल फार मोठे आहे. पुढे जर्मनीच्या उभारणीचे राजकारण आड आले आणि काम १९४५ मध्येच थांबले. पाच रिळे १९८४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात दाखवली गेली. सहावे रीळ मूळ संहिता आणि दृश्यांच्या यादीवरून म्युझियमने जुळवले आणि २०१४ मध्ये चित्रपट पुरा केला. एकोणसत्तर वर्षांनी हे जमले, कारण कागद टिकले होते.

कागद नसला तर काय होते, हे वॉर्सा घेट्टोच्या फितीने दाखवले आहे. मे १९४२ मध्ये जर्मन पथकाने घेट्टोत महिनाभर चित्रण केले. त्यातून जोडलेली सुमारे तासाभराची, अपुरी, निःशब्द फिल्म युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या अभिलेखागारात सापडली. कोणासाठी केली, का सोडली, काहीच स्पष्ट नव्हते. पण घेट्टोतल्या जीवनाची हलती चित्रे दुसरीकडे कुठे होती? म्हणून जगभरच्या माहितीपटांनी तिचे तुकडे घेतले. त्यात ज्यू श्रीमंत टेबलाभोवती जेवताना दिसतात, चांगल्या कपड्यांतल्या बायका फुटपाथवरच्या उपाशी मुलांजवळून मान न वळवता जातात. १९९८ मध्ये वगळलेल्या चित्रणाचे आणखी एक रीळ हाती आले आणि सगळा डाव उघड झाला. त्याच बायका त्याच मुलांजवळून पुन्हा पुन्हा जात होत्या. दृश्य जमेपर्यंत त्यांना मागे बोलावले जात होते, आणि कडेला खुद्द कॅमेरामन दिसत होते. घेट्टोच्या ज्यू मंडळाचे प्रमुख आडाम चेर्न्याकुफ यांच्या रोजनिशीत या चित्रणाच्या नोंदी आहेत. त्यांच्या घरातही प्रसंग मांडून घेतले गेले. ‘ज्यूच ज्यूंना उपाशी मारतात’ असे दाखवणारी ही रचना होती. २२ जुलैला ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या निघू लागल्या; दुसऱ्या दिवशी चेर्न्याकुफ यांनी आत्महत्या केली. इस्रायली दिग्दर्शिका याएल हेर्सोन्स्की यांनी २०१० च्या आपल्या माहितीपटात ही फीत, रोजनिश्या, त्या पथकातल्या एका कॅमेरामनचा जबाब आणि वाचलेल्यांच्या साक्षी एकत्र आणल्या. तीच फीत मग आपल्याच निर्मात्यांविरुद्ध बोलू लागली. फितीतली एक चौकटही बदललेली नव्हती. तिच्या शेजारी कागद आले होते.

इथे सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो. तो क्लोद लान्झमान यांचा. ‘शोआ’ या ज्यूंच्या हत्याकांडावरच्या साडेनऊ तासांच्या चित्रपटात त्यांनी जुन्या चित्रणाची एकही चौकट वापरली नाही. छावण्यांची आणि घेट्टोंची बरीचशी चित्रे मारणाऱ्यांनी घेतलेली आहेत. ती पाहताना आपण त्यांच्याच डोळ्यांनी पाहतो, मग ती दाखवायचीच कशाला? गॅस चेंबरच्या आतली फीत हाती लागली तर आपण ती नष्ट करू, असेही ते म्हणाले होते. या भूमिकेमागची नैतिक कळकळ मी मान्य करतो. लाटव्हियातल्या लिएपाया येथे १९४१ मध्ये राइनहार्ट वीनर या जर्मन नौसैनिकाने हौशी कॅमेऱ्याने घेतलेली दोनेक मिनिटांची फीत पाहताना हा प्रश्न टाळताच येत नाही. माणसे खड्ड्यात उतरवली जातात, गोळ्या झाडल्या जातात, आणि कॅमेरा स्थिर राहतो. पण न दाखवणे हे उत्तर मला पटत नाही. मारणाऱ्यांचे कागद आपण इतिहासातून वगळत नाही. त्यांचे हुकूम, हिशेब, गाड्यांची वेळापत्रके यांवरच गुन्हा सिद्ध झाला. चित्रफितीला वेगळा न्याय का? शिवाय मारणाऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर मरणारा नुसती वस्तू होऊन राहत नाही. तो कॅमेऱ्याकडे पाहतो, तोंड फिरवतो, हाताने चेहरा झाकतो. ती फीत फेकून दिली तर त्याचा हा नकारही आपण फेकून देतो.

हॉलंडमधल्या वेस्टरबोर्क छावणीची फीत माझ्या दृष्टीने या वादाचा कस आहे. १९४४ मध्ये छावणीचा प्रमुख गेमेकर याच्या हुकमाने रुडॉल्फ ब्रेस्लाउअर या ज्यू कैद्याने ती घेतली. छावणी किती कामाची आणि शिस्तीची आहे हे वरिष्ठांना दाखवायचे होते. ब्रेस्लाउअरने कारखाने टिपले, करमणुकीचे कार्यक्रम टिपले, आणि पूर्वेकडे निघालेली आगगाडीही टिपली. मालडब्याच्या अर्धवट उघड्या दारातून डोक्याला फडके बांधलेली एक मुलगी काही सेकंद बाहेर पाहते. पन्नास वर्षे ती अनाम ज्यू मुलगी म्हणून जगभर दाखवली गेली, ज्यूंच्या हत्याकांडाचे प्रतीक बनली. डच पत्रकार आद वाखेनार यांनी १९९४ मध्ये तिचा माग काढला. फितीत एका सुटकेसवर नाव आणि जन्मतारीख रंगवलेली दिसते. याद्यांशी ती जुळवून गाडीची तारीख ठरते, १९ मे १९४४. त्या दिवशी ज्यूंबरोबर २४५ सिंती आणि रोमा लोकांनाही पाठवले होते. त्याच डब्यातून गेलेली आणि वाचलेली एक बाई सापडली. तिने त्या मुलीला ओळखले. सेटेला स्टाइनबाख, वय नऊ, सिंती. त्याच उन्हाळ्यात ती ऑशविट्झमध्ये मारली गेली. नाझींनी दोन लाखांहून जास्त रोमा आणि सिंती मारले, आणि युद्धानंतर कितीतरी वर्षे त्यांच्या हत्येला वांशिक अत्याचार म्हणून मान्यतादेखील मिळाली नाही. अशा काळात त्यांच्यातलीच एक मुलगी सर्वांच्या डोळ्यांसमोर होती आणि कोणाला ती त्यांची आहे हे ठाऊक नव्हते.

‘सामान्य प्रेक्षकाला तारखा-बिरखा नको असतात, त्याला माणसाचे दुःख भिडले म्हणजे पुरे,’ असे माहितीपट करणारे म्हणतात. त्यांना सेटेलाचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. दुःख भिडले होतेच, पन्नास वर्षे भिडत होते. ते चुकीच्या पत्त्यावर जात होते. आणि नाव कळल्यावर ते चित्र काही बोथट झाले नाही. भावनेला आणि माहितीला एकमेकांचे वैरी समजणे ही या क्षेत्रातली जुनी खोड आहे. पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ या चित्रपटासाठी इम्पीरियल वॉर म्युझियमच्या चित्रणाला रंग दिले, वेग सुधारला, ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या जाणकारांच्या मदतीने शब्द बसवले. परिणाम जबरदस्त आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेली फीत जादा वेगाने दाखवली की माणसे तुरुतुरु पळताना दिसतात आणि मरायला निघालेल्यांचे हसू होते. ते हसू या चित्रपटाने थांबवले. पण सेकंदाला तेरा ते अठरा चौकटींचे मूळ चित्रण चोवीसवर नेताना दर सेकंदाला सहा ते अकरा चौकटी संगणकाने बनवल्या. त्या कोणत्याही कॅमेऱ्याने कधी पाहिल्या नव्हत्या. जॅक्सन यांनी हे लपवले नाही. कसे केले ते त्यांनी स्वतः सविस्तर सांगितले आहे. प्रश्न पुढचा आहे. त्या चित्रपटातले तुकडे वेगळे काढून ‘युद्धाचे मूळ रंगीत चित्रण’ म्हणून फिरवले गेले तर पाहणाऱ्याला तपासायला हातात काय राहते? रंगवा, पण रंगवले आहे हे दृश्यावरच लिहा, आणि मूळ कुठे पाहायला मिळेल तेही लिहा. एवढी अट कोणत्याही कलावंताचे हात बांधत नाही.

दुसरा आक्षेप जास्त धास्तीचा आहे. मांडलेली दृश्ये अशी उघड करत गेलो तर हत्याकांड झालेच नाही म्हणणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळणार नाही का? सोव्हिएत कॅमेरामन ऑशविट्झमध्ये पोचले तेव्हा सगळेच मुक्तीच्या क्षणी टिपता आले नाही. काही दृश्ये नंतर घेतली गेली. हे जाहीरपणे सांगितले की नाकारणारे ‘बघा’ म्हणून पुढे येतात. पण ते पुढे येतात ती फट कोणी ठेवलेली असते? बेसावध वापराने. एखादे दृश्य चुकीच्या तारखेला, चुकीच्या छावणीच्या नावाने दाखवायचे आणि मग कोणी ते पकडले की सगळाच पुरावा संशयित ठरतो. ज्याची नोंद चोख आहे, ते दृश्य कोणी हलवू शकलेले नाही. सोमच्या चित्रपटातला मांडलेला भाग नकारवाद्यांनी शोधला नाही; इम्पीरियल वॉर म्युझियमच्याच अभ्यासकांनी चौकट चौकट तपासून तो जाहीर केला. त्यानंतर, २००५ मध्ये, युनेस्कोने हा चित्रपट ‘जगाची स्मृती’ या नोंदवहीत घेतला. कबुलीने त्याची किंमत उतरली नाही.

आतापर्यंत मी काय चित्रित झाले त्याबद्दल बोललो. काय दडवले गेले हेही त्याच नोंदीचा भाग धरले पाहिजे. हिरोशिमा आणि नागासाकीत १९४५ च्या शरदात निप्पॉन एइगाशा या जपानी संस्थेच्या पथकाने चित्रण केले. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकनांनी ते थांबवले, मग आपल्या देखरेखीखाली पुरे करून घेतले आणि सगळी रिळे अमेरिकेला नेली. जपानी पथकातल्या लोकांनी जिवावर उदार होऊन एक प्रत लपवून ठेवली. अमेरिकेकडची प्रत जपानला परत मिळायला १९६७ साल उजाडले. एरिक बार्नोव्ह यांनी त्यावरून सोळा मिनिटांचा माहितीपट केला तो १९७० मध्ये. अमेरिकन सैन्याच्या पथकाने घेतलेले रंगीत चित्रण तर आणखी उशिरा बाहेर आले, आणि ते विकत घेण्यासाठी जपानी नागरिकांनी माणशी दहा फुटांची किंमत, तीन हजार येन, अशी वर्गणी काढली. म्हणजे अणुयुगाची पहिली पंचवीस वर्षे, ज्या वर्षांत अण्वस्त्रांचे साठे वाढवायचे निर्णय झाले, जगासमोर अणुबाँबचे चित्र होते ते धुराच्या छत्रीचे, वरून, विमानातून घेतलेले. खाली काय झाले त्याचे चित्र कपाटात होते. आघाडीवर मन मोडलेल्या सैनिकांवर जॉन ह्यूस्टन यांनी १९४६ मध्ये केलेला ‘लेट देअर बी लाइट’ अमेरिकन सैन्याने १९८० पर्यंत अडवला. आणि ‘नाइट अँड फॉग’ या १९५६ च्या फ्रेंच माहितीपटात पिथिव्हिए छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी सेन्सॉरने झाकायला लावली. एक टोपी झाकली की एका सरकारचा सहभाग झाकला जातो.

हे दडवणे मुंबईलाही अपरिचित नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये सुमारे चौदाशे टन स्फोटके भरलेले फोर्ट स्टिकिन जहाज उडाले, गोदी आणि भोवतालची वस्ती पेटली, शेकडो माणसे मेली. बाहेरच्या जगाला पहिली बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगॉन रेडिओने. इथल्या वार्ताहरांना बातमी पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्यात. सुधीश घटक यांनी केलेले त्या आगीचे चित्रण लष्कराने काढून घेतले, त्यातले काही भाग नंतर वृत्तपटात आले. आणि मुंबईत चित्रणाची यंत्रणा नव्हती असे थोडेच? १९४० मध्ये इथे फिल्म अॅडव्हायझरी बोर्ड स्थापन झाले होते, व्ही. शांताराम यांनी काही काळ त्याची धुरा वाहिली. १९४३ पासून ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ चालू होते, आणि भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक चित्रगृहाला खेळागणिक सरकारमान्य चित्रण दाखवणे सक्तीचे होते. १९४३ हेच बंगालच्या दुष्काळाचे वर्ष. सुमारे तीस लाख माणसे गेलेला तो दुष्काळ आपल्याला आठवतो सुनील जाना यांच्या फोटोंतून आणि चित्तप्रसाद यांच्या रेखाटनांतून. आणि चित्तप्रसाद यांचे पुस्तकही सरकारने जप्त करून जाळले. त्या काळचे वृत्तपट आज कोणी दाखवील, तेव्हा ते कोणत्या नियमाखाली आणि कोणाच्या पैशाने झाले हे सोबत सांगितलेच पाहिजे. नाही तर १९४३ चा हिंदुस्थान म्हणजे कारखाने, भरती आणि संचलने, असे आपली नातवंडे समजतील.

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांचे चित्रण याहून विरळ आहे. तेरा लाखांहून जास्त माणसे हिंदुस्थानातून त्या युद्धाच्या कामाला गेली, सुमारे ७४,००० परतली नाहीत. सर्वांत मोठी संख्या मेसोपोटेमियात होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर कूत-अल-अमाराच्या वेढ्यात १४७ दिवस अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाल्या. पण ‘पहिले महायुद्ध’ म्हटले की आपल्याही डोळ्यांसमोर फ्रान्सचा चिखल येतो, कारण कॅमेरे तिथे होते. फ्रान्समध्ये १९१५ च्या उन्हाळ्यात हिल्टन गर्डवुड यांनी हिंदी सैन्याचे फोटो आणि चित्रण घेतले, आणि त्यातली हल्ल्याची दृश्ये आघाडीमागे मांडलेली होती. ती आता ‘शूर हिंदी जवान’ म्हणून कौतुकाने फिरतात. कौतुक योग्यच आहे. पण त्या जवानांची नावे, गावे तिथे नाहीत. याच्याशी एक गोष्ट ताडून पाहावी. त्याच काळात जर्मनीत, बर्लिनजवळच्या व्युन्सडोर्फच्या छावणीत हिंदी युद्धकैद्यांचे आवाज भाषाशास्त्रज्ञांनी तबकड्यांवर भरले. त्या विद्वानांचा हेतू वसाहतवादी कुतूहलाचाच होता. पण प्रत्येक तबकडीसोबत त्यांनी कैद्याचे नाव, जन्मगाव, भाषा, धर्म यांचा कागद भरला. त्या कागदाच्या आधारे मल सिंग या पंजाबी शिपायाचा आवाज नव्वद वर्षांनी त्याच्या नावासकट ऐकता आला. हेतू वाईट असूनही नोंद चांगली असेल तर माणूस परत मिळू शकतो. कौतुक कितीही असले तरी नोंद नसेल तर तो ‘एक शीख सैनिक’, ‘एक मराठा सैनिक’ एवढाच राहतो.

हे सगळे खर्चाचे काम आहे, असे अभिलेखागारे म्हणतील, आणि ते खरे आहे. नायट्रेटची फीत कुजते, पेटते. ती वाचवण्यातच सगळा निधी जातो आणि वर्णनसूची मागे पडते. पण फीत वाचवली आणि तिच्याबद्दलचे ज्ञान जाऊ दिले तर अर्धेच काम झाले. आता तर संगणकाला सांगून खंदकातले, छावणीतले, जळत्या शहरातले कोणतेही ‘जुने’ चित्रण काही मिनिटांत बनवता येते, ओरखड्यांसकट. चित्राच्या दिसण्यावरून ‘इथे एक कॅमेरा होता’ असे म्हणण्याचे दिवस संपत आले आहेत. यापुढे ते म्हणायला कागदच लागेल. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईची फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एका छत्राखाली आले. युद्धकाळातल्या हिंदी वृत्तपटांची दृश्यवार सूची करायला, तारीख-ठिकाण-पलटण शोधायला, लंडनमधल्या नोंदींशी ती ताडायला याहून योग्य जागा नाही. साताऱ्याचे अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान मारले गेले. तिथे आणि कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत गणवेशातले फोटो, पदके, पेन्शनचे कागद अजून ट्रंकेत आहेत. सेटेलाला ओळखणारी बाई पन्नास वर्षांनी तरी भेटली. इटलीच्या आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेलेल्या आपल्या माणसांना फितीत ओळखू शकतील अशी त्यांची मुले आज ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्यासमोर ती रिळे घेऊन बसायला दोन-चार जाणती माणसे, एक लॅपटॉप आणि प्रवासखर्च एवढेच लागते.